चारचौघांत बोलताना : वाचकांचे प्रश्न

अध्यात्म, मानसशास्त्र, कला आणि सामाजिक न्याय या विषयांवर दोन-तीन माणसांनी श्रोत्यांसमोर बसून बोलावे, अशा जाहीर संवादांविषयी या सदरासाठी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सात येथे घेतली आहेत. लांब पत्रे आशयाला धक्का न लावता आखडती केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. मी स्वतः बरीच वर्षे अशा संवादांचे सूत्रसंचालन करत आले आहे, त्यामुळे उत्तरांत थोडा पक्षपात आणि थोडी अपराधी भावना, दोन्ही सापडतील, हे आधीच सांगून टाकते.

प्रश्न : 'जाहीर संवाद' हे व्याख्यानाचेच नवे नाव आहे का? मंचावर दोन खुर्च्या असतात, मध्ये पाण्याचे पेले असतात. एक जण पंधरा मिनिटे बोलतो, दुसरा मान डोलावतो आणि मग त्याची पंधरा मिनिटे सुरू होतात. व्याख्यानात निदान एक सूत्र तरी असते.

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. आपण वर्णन केलेला कार्यक्रम म्हणजे आळीपाळीने दिलेली दोन व्याख्याने होत, आणि त्यापेक्षा एकच नीट तयारी केलेले व्याख्यान केव्हाही बरे. संवाद ओळखण्याची माझी कसोटी अगदी साधी आहे. पहिल्याचे बोलणे ऐकल्यामुळे दुसऱ्याचे पुढचे वाक्य बदलले का, एवढेच मी पाहते. घरून बांधून आणलेले वाक्य जसेच्या तसे बाहेर आले, तर मधल्या वेळात त्या माणसाने फक्त आपली पाळी येण्याची वाट पाहिली, असे समजावे.

या कसोटीला उतरणारे एक उदाहरण सांगते. १८ एप्रिल १९५७ रोजी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात मानसोपचारतज्ज्ञ कार्ल रॉजर्स आणि तत्त्वज्ञ मार्टिन बूबर श्रोत्यांसमोर एकत्र बसले. बूबर तेव्हा ७९ वर्षांचे होते, रॉजर्स ५५ वर्षांचे. माणूस दुसऱ्या माणसाला वस्तू न मानता पूर्णपणे 'तू' म्हणून भेटतो, त्या नात्याविषयी बूबर यांनी आयुष्यभर लिहिले होते. रॉजर्स यांनी साधारण असे विचारले, की उपचाराच्या खोलीत माझ्यासमोरचा माणूस आणि मी खऱ्या अर्थाने भेटतो, तो क्षण तुम्ही म्हणता त्याच नात्याचा नाही का? बूबर यांनी होकार देऊन टाळ्या घेतल्या असत्या, तर ते सर्वांनाच सोयीचे झाले असते. त्यांनी तसे केले नाही. तो माणूस तुमच्याकडे मदत मागायला आला आहे, तुम्ही त्याच्याकडे गेलेला नाहीत. तुम्ही त्याच्या बाजूने उभे राहून पाहू शकता, तो तुमच्या बाजूने पाहू शकत नाही, मग ही बरोबरी कशी, असे त्यांचे म्हणणे होते. रॉजर्स यांनी बाहेरून दिसणारा हा फरक मान्य केला, पण माणूस आतून बदलत असतो त्या नेमक्या क्षणी ही असमानता उरत नाही, हे आपले म्हणणे सोडले नाही. एकमत झाले नाही. मात्र रॉजर्स यांनी जे विधान घेऊन सुरुवात केली होती त्याला, बूबर समोर असल्यामुळे, एक धार आली. ती त्यांना एकट्याच्या व्याख्यानात आणता आली नसती.

यातली गंमत अशी, की श्रोत्यांपुढे मांडलेल्या संवादात खरा संवाद होऊ शकतो का, याविषयी बूबर स्वतःच साशंक होते. ऐकणारे लोक समोर आले, की बोलणारा समोरच्या माणसाशी बोलायचे सोडून त्यांच्याकडे पाहून बोलू लागतो, ही त्यांची शंका मला आजही खरी वाटते. म्हणून मी शक्य तेथे खुर्च्या प्रेक्षकांकडे तोंड करून न मांडता एकमेकींकडे किंचित वळवून मांडते. पुढच्या रांगेतल्यांना वक्त्याचा एकच गाल दिसतो आणि ते कुरकुर करतात. करू द्यावी.

प्रश्न : मतभेद होऊ नयेत म्हणून सगळे गुळमुळीत बोलतात आणि त्याला संवाद म्हणतात. त्यापेक्षा सरळ वादविवाद ठेवावा, म्हणजे काय ते एकदाचे ठरेल. आपले मत काय?

उत्तर : गुळमुळीतपणाचा मलाही कंटाळा आहे, पण वादविवादाने 'काय ते ठरते' हे मला पटत नाही. न्यायदर्शनाने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेने, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. दोन्ही पक्ष प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे तत्त्व शोधतात तो वाद. कोणत्याही मार्गाने, प्रसंगी शब्दच्छल करूनही, जिंकायचे असते तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचे म्हणणे केवळ मोडून काढायचे असते ती वितंडा. आपल्या रोजच्या बोलण्यात 'वितंडवाद' टिकला आणि 'जल्प' हा शब्द मात्र मागे पडला, याचे मला नेहमी नवल वाटते, कारण मंचावर आपण जे पाहतो ते बहुतेक वेळा जल्पच असते.

कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन यांचे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १८ फेब्रुवारी १९६५ रोजी इंग्लंडमधील केंब्रिज युनियन या विद्यार्थ्यांच्या वादसभेत पुराणमतवादी अमेरिकन लेखक-संपादक विल्यम बकली यांच्याशी त्यांचा वादविवाद झाला. अमेरिकन स्वप्न हे कृष्णवर्णीयांची किंमत मोजून उभे राहिले आहे का, असा विषय होता. बाल्डविन यांच्या बाजूने ५४४ मते पडली, विरुद्ध १६४. भाषण अप्रतिम होते आणि निकालही निःसंदिग्ध होता. मात्र बकली यांनी त्या संध्याकाळी आपले मत बदलले नाही. त्यासाठी ते तेथे आलेच नव्हते.

पुढे ऑगस्ट १९७० मध्ये हेच बाल्डविन मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांच्याबरोबर बसले आणि दोघे मिळून सुमारे साडेसात तास बोलले. येथे मते मोजायला कोणी नव्हते. पूर्वजांनी केलेल्या अन्यायाचा दोष आजच्या माणसावर येतो का, या प्रश्नावर दोघांचे चांगलेच वाजले. इतरांनी केलेल्या कृत्याचा अपराध मी पत्करणार नाही, मी स्वतः जे करते त्याची जबाबदारी मात्र घेईन, अशी मीड यांची भूमिका होती. भूतकाळ संपलेला नाही, तो आपल्यातच वर्तमान होऊन बसला आहे, असे बाल्डविन पुन्हापुन्हा सांगत राहिले. दोघे थकतात, चिडतात, परत मूळ मुद्द्यावर येतात. अपराध आणि जबाबदारी या दोन शब्दांतले अंतर इतक्या जवळून पाहायला वादविवादाच्या ठराविक मिनिटांत कोणालाच सवड मिळाली नसती. तेव्हा कडक मतभेद हवा असेल, तर प्रतिस्पर्धी शोधण्याआधी वेळ वाढवून पाहावा.

प्रश्न : मी एका लहान गटाच्या वतीने असे कार्यक्रम आयोजित करतो. प्रश्नोत्तरांची वेळ आली, की दर वेळी तीच दोन-तीन माणसे माईक पकडतात, प्रश्नाऐवजी भाषण करतात आणि बाकीचे गप्प बसतात. याला काही उपाय आहे का?

उत्तर : आहे, आणि तो माईक पकडणाऱ्यांना गप्प करण्यापेक्षा गप्प बसणाऱ्यांना वेळ देण्यात आहे. विद्यापीठीय चर्चासत्रांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १० देशांतल्या ३५ संस्थांमधील सुमारे २५० चर्चासत्रांची निरीक्षणे होती. श्रोत्यांतले स्त्री-पुरुषांचे प्रमाण हिशेबात धरूनही, पुरुष प्रश्न विचारण्याची शक्यता स्त्रियांच्या सुमारे अडीचपट दिसली. त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी त्यात होत्या. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला असेल तेव्हा ही तफावत वाढलेली दिसली, आणि प्रश्नांना जास्त वेळ ठेवला होता तेथे ती कमी दिसली. चर्चासत्र आणि आपला कार्यक्रम यांत फरक आहे हे मान्य, पण पहिला हात कोणाचा पुढे करायचा, हा निर्णय किती वजनाचा आहे ते यावरून लक्षात यावे.

वेळेचे गणित आणखी एका बाजूने पाहू. जगातल्या दहा भाषांमधील रोजच्या बोलण्याची मोजणी करणारा अभ्यास २००९ मध्ये झाला, तेव्हा एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातले अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास भरले. म्हणजे समोरच्याचे वाक्य संपायच्या आत आपले वाक्य तयार असते. याची सवय झालेल्या कानाला तीन सेकंदांची शांतता म्हणजे काहीतरी बिघडल्यासारखे वाटते. वर्गातल्या शिक्षकांवर काम करणाऱ्या मेरी बड रो यांना दिसले होते, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद किंवा अधिक थांबायला लावले, तर मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी न बोलणारी मुले बोलू लागतात. मोठ्यांच्या सभागृहात याहून वेगळे घडत नाही.

हे मी पुस्तकातून शिकण्याआधी स्वतःच्या चुकीतून शिकले. एका ज्येष्ठ वादक बाईंना मी मंचावर विचारले होते, की साथीला बसताना स्वतःचा अहंकार कोठे ठेवता. त्या थांबल्या. मला तो थांबा असह्य झाला आणि मी हसून पुढचा, सोपा प्रश्न टाकला. नंतर ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा मध्ये चारच सेकंद गेलेले होते, आणि त्या चौथ्या सेकंदाला बाईंनी बोलण्यासाठी घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू येत होता. त्यावर माझा आवाज चढलेला. ते उत्तर काय होते ते मला आजतागायत कळलेले नाही.

म्हणून आपण असे करून पाहावे. मुख्य बोलणे संपताच 'कोणाला काही विचारायचे आहे का' असे विचारू नये. त्याआधी दोन मिनिटे प्रत्येकाला शेजारच्याशी बोलू द्यावे. आपला प्रश्न एका माणसाला सांगून झाला, की तो दोनशे माणसांना सांगायची भीती निम्मी होते. माईक स्वयंसेवकाच्या हातातच राहावा, बोलणाऱ्याच्या हाती सोपवू नये. ही युक्ती क्षुल्लक वाटते, पण भाषणांची लांबी हिने जितकी आटोक्यात येते तितकी विनंत्यांनी येत नाही. चिठ्ठ्याही ठेवाव्यात, फक्त त्या निवडणारा माणूस आयोजकांपैकी नसावा. आणि हात पूर्ण वर न जाता कोपरापर्यंत उचलून परत मांडीवर येतो, तो हात पाहणारे डोळे कोणाकडे तरी असावेत.

'माझा प्रश्न नाही, पण मला असे म्हणायचे आहे' या वाक्याला सगळे हसतात. मी हल्ली हसत नाही. मिनिटभरात आटपले, तर प्रामाणिक निवेदन हे ओढूनताणून केलेल्या प्रश्नापेक्षा चांगले.

प्रश्न : कामाच्या ठिकाणी माझ्यावर झालेल्या अन्यायाविषयी मी एका कार्यक्रमात बोलले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, अनेकांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यानंतर मात्र तीन आठवडे मला नीट झोप लागलेली नाही. सगळे म्हणतात, बोललीस म्हणून मोकळी झालीस. मला तसे वाटत नाही. माझे काही चुकले का?

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही. 'बोलले की मोकळे होते' हा समज जितका पसरलेला आहे तितका तो खरा नाही. आघात पोहोचलेल्या माणसाला घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळे सविस्तर बोलून टाकायला लावायचे, अशी पद्धत एकेकाळी बरीच रूढ होती. पुढे तिची तपासणी झाली तेव्हा तिच्यामुळे नंतरचा मानसिक त्रास टळतो असे दिसले नाही, उलट काही जणांचा वाढलेला दिसला. जागतिक आरोग्य संघटना आता ती वापरू नये असेच सांगते. उपचाराच्या खोलीत बोलणे उपयोगी पडते, कारण तेथे बोलण्याचा वेग आपल्या हातात असतो, ऐकणारा पुढच्या आठवड्यातही असतो, आणि मध्येच थांबले तरी चालते. मंचावर यातले काहीच नसते. तेथे गोष्टीला सुरुवात, मध्य आणि शेवट लागतो, आणि आपला अनुभव अजून शेवटापर्यंत आलेलाच नसला, तरी टाळ्यांसाठी तो आणावा लागतो.

दक्षिण आफ्रिकेतील सत्य आणि समेट आयोगाने हे थोडेबहुत ओळखले होते. वर्णद्वेषी राजवटीतील अत्याचारांच्या जाहीर सुनावण्या १५ एप्रिल १९९६ रोजी ईस्ट लंडन या शहरात सुरू झाल्या. साक्ष देणाऱ्याच्या शेजारी एक प्रशिक्षित माणूस बसलेला असे, तो आधी तयारी करून घेई आणि साक्षीच्या वेळी सोबत राही. आयोगाकडे सुमारे २१,००० जणांनी निवेदने दिली. त्यांपैकी जाहीरपणे बोलले ते साधारण २,०००. म्हणजे दहांतल्या नऊ जणांचे म्हणणे नोंदवून घेतले गेले, पण त्यांना सभागृहासमोर बसावे लागले नाही. सर्वांसमोर सांगणे ही ऐकून घेतले जाण्याची एकमेव रीत नाही, हे या आकड्यांतून मला दिसते.

श्रोत्यांच्या अश्रूंविषयी आपण लिहिले आहे, म्हणून तेथलीच आणखी एक गोष्ट. आयोगाचे अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टूटू त्या सुरुवातीच्या सुनावण्यांत एक साक्ष ऐकताना टेबलावर डोके टेकून रडले. ते छायाचित्र जगभर गेले. यापुढे आपण जाहीरपणे रडायचे नाही, असे त्यांनी नंतर ठरवले, कारण प्रसारमाध्यमांचे लक्ष ज्यांनी सोसले त्यांच्यावरून उडून आपल्याकडे आले, हे त्यांना अन्यायाचे वाटले. आपल्या सभागृहातले अश्रू खोटे होते असे मी म्हणत नाही. पण ते रडून मोकळे झाले आणि घरी गेले, आणि आपण जागी राहिलात, यात आपल्याला जे खटकते आहे ते बरोबर खटकते आहे.

आता व्यवहाराचे. तीन आठवडे झोप नाही, तेव्हा एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला किंवा समुपदेशकाला लवकर भेटावे. यात कमीपणा नाही. पुन्हा बोलावणे आले, तर नकार देण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, कारण सांगण्याची गरज नाही. आणि बोलायचेच ठरवले, तर काय सांगणार नाही याची यादी आधी करावी आणि ती सूत्रसंचालकाच्या हाती द्यावी. आयोजक हे पत्र वाचत असतील, तर त्यांनीही दुसऱ्या दिवशी सकाळी एक फोन करण्याची सवय लावून घ्यावी. पुष्पगुच्छ नसला तरी चालेल.

प्रश्न : मी चित्रकार आहे. मला अशा कार्यक्रमांत बोलावतात आणि माझ्या चित्रातून समाजाला काय संदेश मिळतो ते सांगायला लावतात. मानसशास्त्राचा अभ्यासक माझ्या चित्राचे मानसशास्त्र सांगतो, कार्यकर्ता त्यातला अन्याय दाखवतो. मग माझे तेथे काम काय?

उत्तर : संदेश सांगायला नम्रपणे नकार देणे, हे पहिले काम. कलावंताला संवादात घेण्याचे खरे कारण असे आहे, की काही गोष्टी नावाने सांगता येत नाहीत, करून दाखवाव्या लागतात, आणि दाखवल्यावरच आपण त्या चुकीच्या समजलो होतो हे कळते.

ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल यांनी सांगितलेली एक घटना येथे चपखल बसते. १९७३ च्या सुमारास ते पेरूमध्ये साक्षरता मोहिमेसाठी नाटकाचे काम करत होते. एका बाईने आपली हकिगत सांगितली. नवरा तिच्याकडे काही कागद जपून ठेवायला देत असे. तिला वाचता येत नव्हते, ती ते घराच्या पैशांचे कागद समजून सांभाळत राहिली, आणि निघाली ती दुसऱ्या स्त्रीची प्रेमपत्रे. नवरा घरी येतो तेव्हा तिने काय करावे, हा प्रश्न नटांनी प्रेक्षकांना विचारला आणि प्रेक्षक सुचवतील तसे करून दाखवले. प्रेक्षकांतली एक धिप्पाड बाई सारखी सांगत होती, की तिने नवऱ्याशी स्पष्ट बोलावे, नीट बोलावे, मग माफ करावे. नटी तसे करी, आणि ही बाई दर वेळी अधिकच चिडे. शेवटी बोआल म्हणाले, तुम्हीच वर या आणि दाखवा. ती वर आली आणि तिने नवऱ्याचे काम करणाऱ्या नटाला झाडूने बदडून काढले. 'स्पष्ट बोलणे' याचा तिच्या लेखी तो अर्थ होता.

या घटनेतून बोआल यांची पुढची सगळी रीत आकाराला आली: प्रेक्षकाने प्रसंग थांबवायचा, वर यायचे आणि पात्राची जागा घेऊन वेगळे काही करून पाहायचे. मला मात्र त्यातला एक छोटा तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांना ते दोन शब्द समजले होते, आणि कोणालाच समजले नव्हते. चर्चेने हे उघड झाले नसते.

आपण चित्रकार आहात, तेव्हा कोणाला झाडू हाती घ्यायला लावू नका. पण पुढच्या वेळी बोलण्याआधी पाच मिनिटे चित्र समोर ठेवून, कोणी काही न बोलता ते पाहावे, अशी अट घालून पाहा. मग श्रोत्यांना आधी एवढेच विचारावे, की डोळा कोठून शिरला आणि कोठे अडला. अभ्यासकाने आणि कार्यकर्त्याने त्यानंतर बोलावे. त्यांची पहिली वाक्ये बदललेली असतील.

प्रश्न : अध्यात्मावर बोलणारे वक्ते अन्यायाचा विषय निघाला, की 'बदल आतून यायला हवा' म्हणून मोकळे होतात. दुसरीकडे चळवळीतले लोक ध्यानधारणेला पळपुटेपणा म्हणतात. या दोघांना एका मंचावर बसवण्यात काय अर्थ आहे?

उत्तर : दोघांचीही वाक्ये इतकी घासून गुळगुळीत झाली आहेत, की ती उच्चारताना विचार करावा लागत नाही, म्हणूनच त्यांना समोरासमोर बसवण्यात अर्थ आहे. जॉन वेलवुड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये एक शब्दप्रयोग रूढ केला, त्याला मराठीत 'आध्यात्मिक बगल' म्हणता येईल. स्वतःच्या न सुटलेल्या भावनिक जखमा हाताळण्याऐवजी साधनेच्या आणि तत्त्वज्ञानाच्या आडोशाला जायचे, असा त्याचा आशय. वेलवुड स्वतः बौद्ध साधक होते, त्यामुळे ही टीका घरातूनच आलेली होती. त्यांनी ती व्यक्तीच्या मनापुरती केली, पण ती समाजालाही तंतोतंत लागू पडते.

'आतून बदल' हे वाक्य खोटे नाही. ते कोण कोणाला ऐकवतो, यावर त्याचा अर्थ ठरतो. सोसणाऱ्याने स्वतःविषयी काढले, तर ते बळ असते. ज्याला काहीच सोसावे लागले नाही अशा माणसाने सोसणाऱ्याला ऐकवले, तर ती बगल असते.

या दोन टोकांना जोडणारी माणसे झालेली आहेत. व्हिएतनाममधील बौद्ध भिक्खू थिक न्हात हान्ह यांनी १ जून १९६५ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांना पत्र लिहिले. माणसांचे शत्रू माणसे नाहीत, ते माणसाच्या अंतःकरणात असतात, असे त्यांनी त्यात म्हटले. आणि त्या शत्रूंची नावे देताना द्वेष आणि लोभ यांच्या बरोबरीने हुकूमशाही आणि भेदभाव ही नावेही घेतली. ही यादी बारकाईने वाचावी. अंतःकरणाची भाषा वापरणारा माणूस राजकीय शब्द टाळत नाही. दरम्यान हे भिक्खू युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या खेड्यांत तरुणांना घेऊन पुनर्बांधणीचे कामही करवून घेत होते. १९६६ मध्ये शिकागोत दोघे भेटले आणि त्यांनी एकत्र पत्रकार परिषद घेतली. ४ एप्रिल १९६७ रोजी किंग यांनी न्यूयॉर्कमधील रिव्हरसाइड चर्चमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध ते प्रसिद्ध भाषण केले. ते केवळ त्या भेटीमुळे केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. किंग यांची स्वतःची अस्वस्थता जुनी होती. पण ध्यान करणारा आणि मोर्चा काढणारा एका टेबलाशी बसले आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला पळपुटा किंवा उथळ म्हटले नाही, एवढे तरी नोंदवता येते.

आपल्या मंचावर हे घडवायचे, तर दोघांनाही भूमिका विचारू नये. भूमिका पाठ असतात. अध्यात्माच्या वक्त्याला विचारावे, की साधना असूनही आपण कोणत्या अन्यायाकडे पाहायचे टाळले. कार्यकर्त्याला विचारावे, की दमून सगळे सोडून द्यावेसे वाटले त्या रात्री आपण काय केले. पहिल्या प्रश्नाला बहुधा बराच वेळ शांतता मिळेल. ती भरून काढू नये. चार सेकंदांची माझी गोष्ट वर सांगितलीच आहे.

प्रश्न : मी फक्त ऐकायला जाते. मंचावर जाण्याची इच्छा नाही, माईक हाती घेण्याचे धाडसही नाही. कार्यक्रमातून भारावून बाहेर पडते आणि चार दिवसांनी काही आठवत नाही. माझ्यासारखीने काय करावे?

उत्तर : भारावणे हा दोष नाही, पण आठवण त्यावर टिकत नाही. आवडलेली वाक्ये वहीत उतरवून घेण्याची सवय असेल, तर ती थोडे दिवस बाजूला ठेवावी. त्याऐवजी न पटलेले एकच वाक्य लिहावे, आणि त्याखाली, मी बोलले असते तर काय म्हटले असते, ते दोन ओळींत. घरी परतताना वाटेत कोणी सोबत असेल, तर 'छान झाले ना' याने सुरुवात न करता ते वाक्य सांगावे. माझ्या ओळखीच्या एक बाई गेली अनेक वर्षे हेच करतात. त्यांच्या वहीत डाव्या पानावर वक्त्याचे वाक्य असते, उजव्या पानावर त्यांचे. काही उजवी पाने त्यांनी नंतर खोडून पुन्हा लिहिलेली आहेत, आणि दोन-तीन ठिकाणी डावे वाक्यच खाली पुन्हा उतरवून त्यापुढे 'पटले' असे लिहून तारीख टाकलेली आहे.